पॅड बाराशेचे, मजुरी चारशे

मोटारीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलायचे म्हणजे चाकाचे नट सैल करायचे, जॅक लावायचा, चाक काढायचे, कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलायचे, झिजलेले पॅड काढायचे, पिस्टन मागे दाबायचा, पिना साफ करून ग्रीस लावायचे, नवे पॅड बसवायचे आणि हेच सगळे दुसऱ्या चाकाला. हात बसलेल्या मेकॅनिकला पाऊण तास पुरतो. छोट्या गाडीच्या या कामाला रस्त्याकडेच्या गॅरेजात साधारण तीन-चारशे रुपये मजुरी पडते, अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये त्याच्या दुपटीच्या आसपास आणि वर जीएसटी. गाडीवाला दोन्हीकडे एकच विचारतो, ‘पाऊण तासाचे एवढे?’

प्रश्न रास्त आहे, पण तो विचारताना बोट बिलाच्या चुकीच्या ओळीवर ठेवले जाते. माझे मत आधीच सांगून टाकतो. साध्या कामांच्या मजुरीचा दर बहुतेक ठिकाणी वाजवी आहे, लहान गॅरेजात तर तो परवडू नये इतका कमी आहे. बिल फुगते ते दुसऱ्या वाटांनी, आणि त्यातली निदान एक वाट आपणच घासाघीस करून करून पाडलेली आहे.

आधी हिशेब. पुण्याच्या किंवा नाशिकच्या उपनगरातले एखादे मध्यम गॅरेज डोळ्यांसमोर आणा. आकडे मांडणीपुरते माझे आहेत, आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावेत. दोन मेकॅनिक, प्रत्येकी २०,००० रुपये पगार. हेल्पर १२,०००. जागेचे भाडे ३०,०००. वीज, फोन, चिंध्या, क्लीनर, स्कॅनरचे अपडेट मिळून १०,०००. कॉम्प्रेसर, जॅक आणि पाना-पक्कड यांची झीज नि हप्ता ८,०००. मालक स्वतः दिवसभर तिथेच राबतो, त्याचे ४०,००० धरू. बेरीज १,४०,०००. आता तास मोजू. महिन्याचे २६ दिवस, रोजचे ८ तास, म्हणजे एका मेकॅनिकचे २०८ तास. हे सगळे बिलावर येत नाहीत. शनिवारी गाड्यांची रांग लागते आणि मंगळवारी दुपारी माणसे चहा पीत बसतात. पार्ट यायला दोन तास जातात, चाचणीची फेरी मारावी लागते, एखादे काम परत येते ते फुकट करून द्यावे लागते. दहातले सहा तास बिलावर चढले तरी गॅरेज चांगले चालले म्हणायचे. म्हणजे दोघांचे मिळून २५० तास. १,४०,००० भागिले २५०, तासाला ५६० रुपये. पाऊण तासाच्या ब्रेक पॅडचे होतात ४२०. यात नफा नाही, कर्जाचे व्याज नाही, पावसाळ्यात गळणाऱ्या पत्र्याची दुरुस्ती नाही.

मग तीनशे रुपयांत पॅड बदलून देणारा जगतो कसा? तो जगतो पार्टवर. पुण्यात नाना पेठेतल्या किंवा मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या दुकानात मेकॅनिकला छापील किमतीवर सूट मिळते. गिऱ्हाइकाच्या बिलात छापील किंमत लागते आणि मधला फरक गॅरेजचा. यात गैर काही नाही. योग्य पार्ट ओळखणे, आणणे, चुकीचा निघाला तर परत करायला जाणे, महिन्याभरात आवाज करू लागला तर पुन्हा चाक खोलणे, या सगळ्याचा मोबदला कुठून तरी यायचाच. पण गिऱ्हाइकाची मानसिकता अशी, की पॅडचे बाराशे तो मुकाट देतो, कारण खोक्यावर किंमत छापलेली आहे, आणि मजुरीच्या चारशेवर अडून बसतो, कारण ती कुठे छापलेली नाही. पन्नास-शंभर रुपये कमी करून घेतल्याचा आनंद घेऊन तो घरी जातो. मेकॅनिक शिकतो तो धडा असा, की मजुरी कमी सांगायची आणि कमाई पार्टमध्ये काढायची.

हा धडा महागात पडतो तो गाडीवाल्यालाच. कमाई पार्टमध्ये असली की दुरुस्त करण्यापेक्षा बदलणे फायद्याचे ठरते. अल्टरनेटर चार्ज करत नसेल तर कित्येकदा त्याचे कार्बन ब्रश झिजलेले असतात किंवा बेअरिंग गेलेले असते. खोलून ते तेवढे बदलायला दीड-दोन तास आणि थोडे डोके लागते, पार्ट मात्र किरकोळ. त्या दीड-दोन तासांचे हजार रुपये मागितले तर गिऱ्हाईक वैतागते. पूर्ण अल्टरनेटर बदलून कित्येक हजारांचे बिल दिले तर ‘मोठा पार्ट गेला होता’ म्हणून समजून घेते. स्टार्टर मोटर, एसीचे गळके ओ-रिंग, दाराच्या काचेची मोटर, सगळीकडे हाच प्रकार. हाताने बुश बदलून स्टार्टर पुन्हा जिवंत करणारे उस्ताद कमी होत चालले, त्याचे मोठे कारण त्यांच्या हाताला आपण भाव दिला नाही हे आहे.

(जाता जाता: ऑनलाइन स्वस्तात पार्ट मागवून ‘फक्त बसवून द्या’ म्हणणाऱ्याला गॅरेजवाला जास्त मजुरी सांगतो, त्यावरून पुष्कळांचा संताप होतो. मला त्यात अन्याय दिसत नाही. तो सांगतो तीच त्याची खरी मजुरी असते.)

निदानाच्या बाबतीत तर आपण जास्तच कंजूष आहोत. गाडी चढावर झटके देते. मेकॅनिक अर्धा तास ऐकतो, स्कॅनर लावतो, प्लग काढून पाहतो, कॉइल एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर बदलून दोष सरकतो का ते बघतो, आणि शेवटी दहा मिनिटांत एक कॉइल बसवतो. बिलात काय लिहायचे? ‘कॉइल बसवणे’ म्हटले तर दहा मिनिटांचे काम. दोष शोधण्याचे पैसे वेगळे मागितले तर ‘बघायचे कसले पैसे?’ डॉक्टरला तपासणीची फी देताना हा प्रश्न कोणी विचारत नाही. परिणामी अंदाजाने पार्ट बदलत जायचे ही पद्धत पडते: आधी प्लग, नाही जमले तर कॉइल, मग इंजेक्टर, मग पेट्रोलपंप. तीन चुकीच्या पार्टांचे पैसे गाडीवाला देतो आणि निदानाचे पाचशे वाचवतो.

‘साधे काम’ ही कल्पनाही बदलली आहे. प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बॅसेडरच्या काळात, आणि १९८३च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८००च्या पहिल्या पिढीतही, कार्ब्युरेटर साफ करणे, पॉइंट सेट करणे ही कामे पान्याने आणि कानाने होत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शिकलेला माणूस कोणतीही गाडी खोलू शकत असे. फ्युएल इंजेक्शन आले, मग गाडीतच दोष नोंदवणारी यंत्रणा आली, आणि १ एप्रिल २०२०पासून भारत स्टेज ६. आता स्कॅनरशिवाय गॅरेज चालत नाही आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या हाताळायच्या तर एका स्वस्त स्कॅनरने भागत नाही. हेडलाइटचा बल्ब घ्या. जुन्या गाडीत मागचे रबरी टोपण काढले की दोन मिनिटांत बदलतो. काही नव्या गाड्यांत हात जायला जागाच नाही, बॅटरी हलवावी लागते किंवा बंपर सैल करावा लागतो. आणि एलईडी हेडलाइट असला तर बहुधा बल्ब बदलण्याचा प्रश्नच उरत नाही, अख्खा दिवा घ्यायचा. कामाचे नाव तेच, मजुरी मात्र चौपट निघू शकते, आणि त्यात मेकॅनिकचा दोष नाही. दोष गाडी आखणाऱ्याचा.

अधिकृत सर्व्हिस सेंटरची गोष्ट वेगळी. तिथे मजुरी तासाने ठरते, पण घड्याळाच्या नव्हे. प्रत्येक कामाला कंपनीने वेळ ठरवून दिलेला असतो, त्याला शहराप्रमाणे दर लावायचा. ही पद्धत अमेरिकेत जुनी आहे. तिथे चिल्टन आणि मिचेल यांच्या वेळपुस्तिकांवरून स्वतंत्र गॅरेजेही बिल लावतात. पुस्तकात दोन तास असतील आणि कुशल माणसाने सव्वा तासात काम उरकले तरी बिल दोन तासांचे. गिऱ्हाइकाला हे खुपते, पण उलटही घडते: गंजलेला बोल्ट तुटला, तीन तास गेले, तरी दोनच तासांचे पैसे. आधी आकडा कळतो, हा या पद्धतीचा मोठा गुण. मला ती रस्त्यावरच्या ‘तुम्ही द्याल ते’ पेक्षा बरी वाटते.

तिच्यात एक भोक मात्र आहे, आणि साध्या कामांतली खरी जादा वसुली तिथूनच होते. पुस्तकातला वेळ प्रत्येक काम सुटे धरून लावलेला असतो. समजा एकाच भेटीत चाकांची अदलाबदल, ब्रेक साफ करणे आणि पुढचे पॅड बदलणे अशी तीन कामे निघाली. जॅक एकदाच लागतो, चाके एकदाच निघतात. बिलात मात्र तिन्हींची पूर्ण मजुरी. क्लच प्लेट बदलताना गिअरबॉक्स खाली उतरतोच, त्याच वेळी रिलीज बेअरिंग बदलले तर त्याची वेगळी मजुरी जवळजवळ शून्य असायला हवी. कूलंट बदलताना थर्मोस्टॅट, टायमिंगचे काम करताना वॉटर पंप, सगळ्यांना हा नियम लागू. अमेरिकी वेळपुस्तिकांत अशा जोडकामांचा वेळ वजा करण्याची सोय असते. आपल्याकडे ते सांगावे लागते. ‘चाके एकदाच काढलीत ना?’ हे एक वाक्य सर्व्हिस ॲडव्हायझरला शांतपणे विचारून पाहा. बहुतेक वेळा एक ओळ कमी होते.

दुसरी जादा वसुली न लागणाऱ्या कामांची. थ्रॉटल बॉडी साफ करणे, एसीच्या जाळीवर फवारा, इंजिनला चकाकी, तळाला लेप, उंदीर पळवायचा स्प्रे, आतून ‘डीप क्लीनिंग’. यातली काही कामे काही गाड्यांना कधीतरी लागतात. दहा हजार किलोमीटरच्या प्रत्येक सर्व्हिसला सगळ्या गाड्यांना लागत नाहीत. सर्व्हिस ॲडव्हायझरला या कामांचे महिन्याचे लक्ष्य दिलेले असते, त्यामुळे तो बिचारा आग्रह करतो. पहिल्या तीन सर्व्हिस फुकट म्हणून लोक निर्धास्त जातात. त्या फुकट असतात मजुरीपुरत्या. तेल, फिल्टर आणि ही सगळी वरकड कामे पैशांचीच. यावर उतारा गाडीच्या हातमोज्यांच्या कप्प्यातच पडलेला असतो: मालकाच्या पुस्तिकेत किती किलोमीटरला काय बदलायचे त्याचा तक्ता दिलेला असतो. त्यात नसलेल्या कामाला ‘नको’ म्हणायला कारण द्यावे लागत नाही.

खरोखर अवाजवी मजुरी मला दिसते ती अगदी किरकोळ कामांत. बऱ्याच गाड्यांत एसीचा केबिन फिल्टर त्याच कप्प्यामागे असतो. कप्प्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली येतो, मागचे झाकण काढायचे, जुना फिल्टर ओढायचा, बाणाची दिशा बघून नवा सरकवायचा. पाच मिनिटे. एअर फिल्टरचे झाकण चार क्लिपांचे. वायपरचे पाते एका खटक्यावर निघते. या कामांची शंभर-दोनशे रुपये मजुरी लावलेली बिले मी पाहिली आहेत. गॅरेजला किमान आकार लावावा लागतो हे मान्य, पण तेल बदलायला गाडी आत आलेलीच असताना त्या पाच मिनिटांचे वेगळे पैसे घेऊ नयेत. आणि आपणही ही तीन कामे घरी करावीत. बाकी ब्रेकच्या वाटेला हौशी माणसाने न गेलेले बरे.

सरकार आणि कायद्याने मजुरीचा दर कधी ठरवला नाही, ठरवूही नये. पण आसपासच्या गोष्टींवर बरेच काही झाले आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोप असा, की सुटे भाग आणि दोष शोधायची साधने कंपन्या खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, पुरवठादारांना परस्पर विकू देत नाहीत, त्यामुळे स्वतंत्र गॅरेजवाला स्पर्धेत उभाच राहत नाही. दंडाचे प्रकरण अपिलात गेले. त्या आदेशातला गाडीवाल्याच्या उपयोगाचा भाग वेगळाच आहे: बाहेर दुरुस्ती करून घेतली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या कामाने एखादा भाग बिघडला तर त्या भागापुरती वॉरंटी नाकारणे वेगळे आणि तेल बाहेर बदलले म्हणून स्टीअरिंगची वॉरंटी नाकारणे वेगळे. तरीही ‘बाहेर हात लावला की वॉरंटी गेली’ हे वाक्य काउंटरवर आजही सर्रास ऐकू येते, आणि त्याच भीतीपोटी माणसे दुप्पट मजुरी भरतात. २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाच्या शेवटी पोर्टलही सुरू केले. मोटारी त्यात आहेत. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती स्वखुशीने द्यावी यावर ते उभे आहे, सक्तीचा कायदा अजून नाही.

कराचा एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा. मजुरीवर १८ टक्के जीएसटी आहे. सुट्या भागांपैकी पुष्कळांवर पूर्वी २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५पासून १८वर आला. ८ जून २०१८च्या परिपत्रकात सरकारने स्पष्ट केले होते, की गाडीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात माल आणि मजुरी वेगळी दाखवली असेल तर दोन्हींवर आपापल्या दराने कर लागेल. म्हणजे दोन रकाने वेगळे असणे ही काही गिऱ्हाइकाची विक्षिप्त मागणी नव्हे. दुसरीकडे, वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या लहान गॅरेजला नोंदणीचीच गरज नाही आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेताच येत नाही. क्रमांक न छापता ‘अधिक १८ टक्के’ लिहिलेले बिल हातात पडले तर ते अठरा टक्के देऊ नयेत.

मजुरीचे प्रमाण नियमात लिहून ठेवल्याचे एक उदाहरण वाहन विम्यात सापडते, फारसे कोणाला माहीत नसलेले. घसारा काढताना रंगकामाच्या एकूण बिलातला २५ टक्के भाग सामानाचा धरतात आणि फक्त त्यावर घसारा लावतात. म्हणजे उरलेले ७५ टक्के ही मजुरी, हे विमा कंपन्यांनी पूर्वीपासून मान्य केलेले आहे. विम्याच्या कामात सर्व्हेअर येतो, बिल बघतो, दोन ओळी कापतो, आणि गॅरेज मुकाट्याने ते मान्य करते. खिशातून पैसे देणाऱ्याच्या बाजूने असा माणूस कोणी नाही.

ती जागा भरून काढू, प्रत्येक कामाचा दर मोबाइलवर दाखवू, असे म्हणत काही नव्या कंपन्या आल्या. दर आधी कळणे हा त्यांचा उपकारच होता. पण खाली काम करणारे गॅरेज तेच, त्याच्या मजुरीतून मधल्याचा वाटा गेला की पुन्हा कमाई पार्टमध्ये शोधायची. त्यांतली सर्वांत गाजलेली गोमेकॅनिक २०२३च्या जानेवारीत स्वतःच्या हिशेबातल्या गैरप्रकारांची कबुली देऊन कोलमडली आणि दुसऱ्यांनी विकत घेतली. कॅलिफोर्नियाने दुसरा मार्ग धरला. तिथे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून मोटार दुरुस्तीसाठी सरकारी कार्यालय आहे. लेखी अंदाज दिल्याशिवाय आणि गिऱ्हाइकाची संमती घेतल्याशिवाय काम करता येत नाही, आणि मागितल्यास बदललेले जुने भाग परत द्यावे लागतात. दर कोणीही ठरवून दिलेला नाही. महाराष्ट्राने उचलावे असे काही असेल तर एवढेच.

तोवर हे आपले आपण करायचे. काम सुरू व्हायच्या आधी मजुरी आणि सामान वेगवेगळे लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर घेतले तरी चालेल. जुना पार्ट मागा आणि बघा. जोडकामांची मजुरी एकदाच द्या. निदानाचे पैसे मात्र हातचे न राखता द्या, आणि चांगल्या मेकॅनिकच्या मजुरीतून पन्नास रुपये कापू नका. ते तुम्हाला कुठल्या तरी पार्टच्या किमतीत परत द्यावेच लागतात. पक्के बिल नाकारणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायला एक रुपयाही फी लागत नाही.